नंतर म्हणजे कधी?

एम्पथी या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या टीममध्ये एकदा अर्धा तास वाद झाला होता. सहानुभूती म्हणावं तर कीव केल्यासारखं वाटतं. समानुभूती म्हणावं तर दहावीच्या पेपरातला शब्द. शेवटी कुणीतरी म्हणालं, "एम्पथीच ठेवा ना यार, क्लायंटला कुठे मराठी कळतंय!" वाद मिटला आणि आम्ही कामाला लागलो.

काम होतं पीकविम्याचं ॲप. २०२१ चा उन्हाळा. पावसानं पिकाचं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत ते कळवायचं, असा तेव्हा योजनेचा नियम होता. एका खाजगी कंपनीला हे कळवण्यासाठी ॲप हवं होतं आणि डिझाइन आमच्याकडे आलं. सगळे घरून काम करत होतो, त्यामुळे ऑफिसातली चिठ्ठ्या चिकटवायची काचेची भिंतसुद्धा लॅपटॉपच्या स्क्रीनवर आली होती. चार चौकोन आखलेले. युजर काय बोलतो, काय विचार करतो, काय करतो, त्याला काय वाटतं. मध्यभागी 'रामभाऊ, वय ५२, शेती ४ एकर, सोयाबीन' आणि इंटरनेटवरून उचललेला एका हसऱ्या, फेटेवाल्या शेतकऱ्याचा फोटो. (आमच्याकडे सोयाबीनच्या रानात फेटा बांधून कुणी हसत उभं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही, पण ते असो.)

टीममध्ये गावाकडचा मी एकटाच. धाराशिव जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचा, लोहारा तालुका, सास्तूरच्या जवळचं गाव. त्यामुळे दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "तुझ्या घरी शेती आहे ना? तुला काय वाटतं, रामभाऊ हे करेल का?" आणि मी सांगायचो. करेल. नाही करणार. हे त्याला कळणार नाही. ते कळेल, माझे तात्या व्हॉट्सॲप मस्त वापरतात. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा ज्या गोष्टीची लाज वाटायची तिच्यावरच आता मीटिंगमध्ये भाव मिळत होता. सगळ्या मराठवाड्याचा प्रतिनिधी मीच! लॉकडाऊनमुळे फील्डवर जाता येत नव्हतं आणि गंमत म्हणजे त्याचं कुणालाच वाईट वाटत नव्हतं. आपल्याकडे हा आहे ना.

ऑगस्टमध्ये ॲप लोकांच्या हातात गेलं. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस मराठवाड्यावर कोसळला. मांजरा आणि तेरणा दोन्ही पात्राबाहेर. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. मी पुण्यात बसून आकडे बघत होतो, सूचना किती येतायत, सर्व्हर टिकतोय का. सर्व्हर टिकला. आम्ही एकमेकांना अंगठ्याचे इमोजी पाठवले.

दिवाळीला गावी गेलो.

तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. नेहमीप्रमाणे चहा झाला, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते झाले, लग्नाचा विषय झाला. मी विचारलं, विम्याचं काय झालं? तर तात्या म्हणाले, "आपलं बसलं न्हाई." मी म्हटलं, बसलं नाही म्हणजे? शेत तर सगळं पाण्यात होतं, शेंगांना कोंब फुटले म्हणून तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. चुलत भावानं मग हळूच सांगितलं.

झालं होतं ते असं. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या फोन घेऊन रानात गेले. ॲप उघडलं, सगळं बरोबर भरलं. फोटो काढला. आमच्या ॲपमध्ये फोटो जागेवरच काढावा लागायचा आणि तिथल्या तिथे पाठवावा लागायचा. फोनमधला आधीचा फोटो चालायचा नाही. आमच्या रानात रेंज नाही, पूर्वीही नव्हती. रेंज येते ती गावात, मारुतीच्या पाराजवळ. म्हणजे शेत आहे तिथं रेंज नाही आणि रेंज आहे तिथं शेत नाही. तात्यांच्या स्क्रीनवर ओळ आली, 'काहीतरी चूक झाली. कृपया नंतर पुन्हा प्रयत्न करा.'

ती ओळ मी लिहिलेली. मला ती लिहायला किती सेकंद लागले असतील? दहा? इंग्रजीत जे हजार ठिकाणी वाचलं होतं ते मराठीत टाकलं आणि पुढच्या स्क्रीनवर गेलो.

तात्यांनी ती ओळ नीट वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. 'काहीतरी चूक झाली' म्हणजे आपलीच काहीतरी चूक झाली असणार. आणि 'नंतर' म्हटलंय, तर नंतर करू. संध्याकाळी पारावर बसून एकदा बघितलं, पण तिथनं फोटो कशाचा काढणार, मारुतीचा? दुसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी, जाता आलं नाही. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी गेले. तोवर ॲपनं सांगून टाकलं होतं, मुदत संपली.

शेजारच्यांनी तालुक्याला जाऊन कागदावर अर्ज दिले होते. टोल फ्री नंबरपण होता. मी जरा चिडूनच म्हटलं, "तात्या, तुम्ही का नाही गेलात तालुक्याला?"

"तू केलंय म्हनलं होतं ना ते. मग दुसरीकडं कशाला जावं?"

त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं.

हे बोलणं चाललं होतं ते तात्यांच्या घरात, ज्याला आमच्याकडे अजून 'भूकंपाचं घर' म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जुनी घरं काळ्या दगडाची, भिंती दोन-अडीच फूट जाड, पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दरवर्षी लोक वर आणखी माती टाकायचे आणि थर वाढत जायचा. थंडगार घरं ती. त्या पहाटे तीच माती आणि तेच दगड अंगावर आले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. माझ्या डोक्यात फक्त धूळ आहे आणि कुणीतरी मला उलटं धरून बाहेर काढतंय, एवढंच.

त्यानंतर पुनर्वसन झालं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली गेली. घरं जमिनीच्या हिशोबानं, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, नवं गाव जुन्या गावाच्या कित्येक पट पसरलेलं. कागदावर बघाल तर सुंदर आहे, खरंच. मी डिझाइनवाला आहे, मला ग्रिड आवडतो.

मी लहानपणापासून त्या घरात ये-जा करतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तात्यांचं घर ४०० फुटांचं. समोर पत्र्याचं शेड काढलंय, कारण ओसरी नव्हती. माणूस आला की थेट घरातच. बाईमाणसानं बसायचं कुठं? बाजूला आणखी एक पत्र्याचं शेड, कारण बैल आणि अवजारं कुठं ठेवायची हे नकाशात नव्हतं. कुळव, तिफण, कडबा, शेळ्या, सगळं त्यात. संडास बांधून दिला होता, पण पाणी नव्हतं तेव्हा त्यात बरीच वर्षं सरपण होतं. (आता वापरात आहे.) धान्याला जुन्या घरात भिंतीतच बळद होतं, इथं पोत्यांची थप्पी पलंगाशेजारी. भाऊबंद जुन्या गावात एका गल्लीत होते, इथं जमिनीप्रमाणे घर म्हणून कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला. आज्जी जाईपर्यंत म्हणायची की नव्या गावात हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही.

औसा तालुक्यातल्या गुबाळला तर एका संस्थेनं घुमटासारखी गोल घरं बांधली. भूकंपाला भक्कम आकार, यात वादच नाही. पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं? ट्रंका, उतरंड, देव्हारा, सगळ्यांच्या पाठी सरळ असतात की!

मी तात्यांना म्हटलं, त्या इंजिनिअर लोकांनी काहीच विचार केला नव्हता का? तर तात्या उलट मलाच रागावले. "तसं म्हनू नको. लई चांगली मानसं व्हती ती. आपल्यासाठीच केलं सगळं. उन्हात उभं ऱ्हाऊन केलं." मग जरा थांबून म्हणाले, "आन् आमाला इचारलं नव्हतं असं बी न्हाई. इचारलं व्हतं. आमीच म्हनलं, स्लॅब द्या."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात सरळ गोष्ट होती, शहरी इंजिनिअर विरुद्ध गावकरी. पण लोकांनी स्लॅबच मागितला होता. दगडाच्या नावानं अंगावर काटा यायचा. ज्यांची घरं उभी राहिली होती तेसुद्धा महिनोन्‌महिने अंगणात झोपत होते. त्या लोकांना विचारलं, कसलं घर पाहिजे? तर त्यांच्या तोंडून भीतीच बोलणार. आणि बांधणाऱ्यांच्या डोक्यातही तीच भीती, की आपण बांधलेलं पुन्हा पडता कामा नये. दोन्हीकडची भीती एकमेकींशी जुळली आणि त्यातून जे घर तयार झालं ते एका रात्रीसाठी अगदी बरोबर होतं. राहायचं मात्र तीस वर्षं होतं.

तिथं मला माझी मीटिंग आठवली. आमच्या स्क्रीनवर रामभाऊ हसत होता, पण त्या सगळ्या मीटिंगांमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ कशावर बोललो होतो? लोक खोटे फोटो टाकतील यावर. शेजारच्याच्या शेताचा टाकतील, मागच्या वर्षीचा टाकतील. म्हणून फोटो तिथंच काढायचा, तिथंच पाठवायचा. चारही चौकोनांत आम्ही शेतकरी लिहिला आणि ॲप बनवलं चोरासाठी. ती क्लायंटची भीती होती, पण मीही ती मान हलवत घेतली. रानात रेंज नाही हे मला माहीत होतं. तिथंच तर लहानाचा मोठा झालो. पण 'रामभाऊ रानात उभा आहे' अशी कल्पना केली तेव्हा तिथं उभा होतो मी, माझा फोन घेऊन, पुण्याची रेंज घेऊन. आणि 'नंतर' म्हणजे पाच मिनिटांनी, हे ज्याला आपोआप कळतं असा मी.

मी गावचा आहे म्हणून मला माहीत आहे, ही समजूतच सर्वांत महागात पडली. टीममधल्या कोरेगाव पार्कच्या मुलीनं निदान कुणाला तरी फोन करून विचारलं असतं. मी तिला विचारू दिलं नाही.

पुण्याला परत आलो आणि सगळं टीमसमोर सांगितलं. तात्या माझेच, हेही सांगितलं. कॉलवर शांतता. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. फोटो फोनमध्येच साठवायचा, त्यावर वेळ आणि जागा शिक्क्यासारखी बसवायची, रेंज आली की आपोआप जाईल. बांधावरून काढलेला फोटो चालेल. ती ओळ काढली आणि लिहिलं, 'तुमचा फोटो फोनमध्ये जपून ठेवला आहे. रेंज असलेल्या ठिकाणी अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत पोहोचा.' खाली टोल फ्री नंबर, मोठ्या अक्षरांत. एक गोष्ट मात्र मान्य झाली नाही. मी म्हणत होतो की सूचनेची वेळ म्हणून फोटो काढल्याची वेळ धरा. क्लायंट म्हणाला, सर्व्हरवर आल्याची धरणार. दोन महिने भांडलो, हरलो. मग वेगळ्या प्रोजेक्टवर गेलो, थोडं रागानं आणि थोडं पळूनच.

(हा ७२ तासांचा काटा फक्त आमच्या ॲपपुरता नव्हता. २०२० च्या खरिपात उस्मानाबाद जिल्ह्यात मोठ्या संख्येनं शेतकऱ्यांना याच मुदतीवर बोट ठेवून भरपाई नाकारली गेली होती. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. २०२५ च्या खरिपापासून तर राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावरूनच ठरते, म्हणजे आमच्या त्या स्क्रीनचं कामच संपलं.)

पुढच्या वर्षी तुळजापूरला गेलो होतो तेव्हा येताना मावशीकडे थांबलो. मावशीचं गाव तुळजापूर तालुक्यात. तिथं घरं पडली नव्हती, तडकली होती. अशा गावांसाठी सरकारनं नवी घरं न देता दुरुस्तीला टप्प्याटप्प्यानं पैसे दिले, आणि लोकांनी आपलं घर आपणच मजबूत करून घ्यायचं असं ठरलं. लाखाहून जास्त घरं अशी दुरुस्त झाली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती कमी करायची. हे लोकांना समजावणार कोण? तर हजाराहून जास्त गावांत महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था ते काम बघत होती. माझी मावशी त्या संवाद सहायकांपैकी एक. सातवी पास, डोक्यावर पदर, आणि सिमेंट-वाळूचं प्रमाण तोंडपाठ.

हे मला नुसतं ऐकून माहीत होतं, त्याबद्दल तिच्याशी बोललो कधीच नव्हतो. त्या दिवशी तात्यांचं सगळं तिला सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. मग स्वतःचं सांगू लागली.

"आधी मी बी तसंच करायची. घरोघर जाऊन इचारायचं, काय पाहिजे? सगळे म्हनायचे पाडून नवं द्या. मी बी म्हनायची, हो, पाडाच. सायबाला लिहून द्यायची, घर ऱ्हान्याजोगं न्हाई म्हनून. एकदा सायेब आला, घर बघितलं, म्हनला बाई, ह्याला काय झालंय? बारीक तडा हाय. मग रातच्याला इचार केला. मला सोताला घरात झोपायचं भ्या वाटायचं. सहा महिने झाले व्हते, मी अंगनातच झोपायची. ते माझं भ्या मी सगळ्यांच्या कागदावर लिहायलते."

मी म्हटलं, मग काय केलंस?

"मग आधी माझं घर नीट करून घेतलं. दगड बसवले, पट्टा टाकला. पहिल्या रातीला आत झोपले, डोळ्याला डोळा न्हाई. दुसऱ्या रातीला झोप लागली. तिथनं पुढं कुनाला काय पाहिजे म्हनून इचारलंच न्हाई. इचारायची, काल रातच्याला कुठं झोपलाव? म्हातारी कुठं झोपली? उठून बाहेर कुनीकडनं गेली? मंग कळायचं कुठली भिंत आधी."

भाकरी तव्यावर टाकली. आमच्या कंपनीत या गोष्टीचं दोन दिवसांचं वर्कशॉप असतं, जेवणासकट. त्यात शिकवतात की युजरला 'तुम्हाला काय आवडेल' विचारू नका, 'मागच्या वेळी काय केलंत' ते विचारा. पण विचारायच्या आधी आपण स्वतः कुठे झोपतोय ते बघा, हे त्या वर्कशॉपमध्ये कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि शब्दही उगाच अर्धा तास शोधत बसलो होतो आम्ही. विचारपूस आहे की! विचारणं आणि पुसणं. पुसणं म्हणजे जुन्या मराठीत परत विचारणंच. एकदा विचारून भागत नाही हे भाषेला ठाऊक होतं.

मी हे मावशीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिनं ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "तात्या तुझा रानात किती वाजता जातोय?"

"सकाळी," मी म्हटलं.

"सकाळी म्हंजे?"

मला सांगता येईना. सहा? आठ? चालत जातात की मोटारसायकलवर? फोन सोबत नेतात की घरी चार्जिंगला लावून जातात? मावशी माझ्याकडे बघत होती. मी जेवण अर्धवट ठेवून अंगणात आलो आणि तात्यांना फोन लावला. रिंग बराच वेळ वाजली. उचलला तेव्हा मागे शेळ्यांचा आवाज होता.

"तात्या, तुम्ही सकाळी रानात किती वाजता जाता?"

"पाचला," ते म्हणाले. "कामून रे?"